गुडघाभर पाण्याची ओढ

परवा ऑफिसला निघताना मामी फाटकाशी उभ्या दिसल्या. पहाटेपर्यंत पाऊस पडून गेला होता. गल्लीत पावलं बुडतील एवढं पाणी साचलं होतं आणि त्या पाण्याकडे मामी बघत होत्या. पाणी हलत नव्हतं. वरच्या विजेच्या तारांचं प्रतिबिंबसुद्धा त्यात सरळ पडलं होतं. मी छत्री उघडून त्यांच्या शेजारी जरा थांबले.  मग त्यांनी फाटकावर चढलेल्या जाईचं एक पान खुडलं, पाण्यात टाकलं आणि ते कुठे जातंय का हे बघत राहिल्या. पान जागचं हललं नाही. तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

चेन्नईचा पाऊस दिवाळीच्या आसपास येतो. मी सांगलीची. आमच्याकडे तोवर पाऊस संपून गेलेला असतो, पहाटे हलकी थंडी पडते, उटण्याचा वास येतो, अंगणं कोरडी खडखडीत असतात. इथल्या माझ्या पहिल्या दिवाळीला मी पणत्या घेऊन गच्चीवर गेले, तर वारा आणि पाऊस दोघंही त्या विझवायला टपलेले. खालून मामींनी सांगितलं, की दिवे देवापुढे लाव, बाहेर लावायचे ते तमिळ कार्तिकात, आणि तेव्हाही पावसाला विचारून. या मोसमाचा वासच निराळा असतो. समुद्राकडून आलेला खारट वारा, न सुकलेले कपडे, गटारं, फिल्टर कॉफी, आणि या सगळ्याच्या वर कुणाच्या तरी तव्यावरचा डोसा. मला हा मोसम आवडायचा. आता आवडतो का, ते सांगता येत नाही.

मामा आणि मामी म्हणजे माझे घरमालक. वेस्ट मांबलमला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते दोघं, वर मी. आडनाव राव. पूर्वज तंजावरला नेमके कधी आले ते त्यांनाही ठाऊक नाही, पण घरात अजून मराठी बोलतात. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी थक्क झाले होते. शब्द माझ्या पणजीच्या तोंडी शोभावेत असे आणि चाल मात्र तमिळ. मामींच्या मते विचित्र बोलते ती मीच, बातम्या वाचून दाखवल्यासारखी. इथे वयस्क बाईला मामी म्हणायची रीतच आहे, आणि आमच्याकडेही मामी असतेच, त्यामुळे ही हाक कुठल्या भाषेतली हा प्रश्न आमच्यात कधी आला नाही.

मामा एग्मोरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. बाजारात जाताना ते चार पावलं पुढे आणि मामी मागे, असंच मी त्यांना कायम पाहत आले. देवळातून परत येतानाही तसंच. एवढ्या वर्षांत मी त्यांना एकमेकांचा हात धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. प्रसाद देतानासुद्धा मामी तो मामांच्या ओंजळीत वरून सोडत.

मी गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते, आणि माझं काम एका शब्दात सांगायचं तर ड्रॅग. धावणाऱ्या गाडीला हवा मागे ओढते, ती ओढ कमी कशी करायची ते मी बघते. मराठीत तिला शास्त्राच्या पुस्तकात कर्षण म्हणतात, पण मला मनातल्या मनात ओढ हाच शब्द सुचतो. आपण त्याच शब्दानं माहेराची ओढ म्हणतो आणि वाहत्या पाण्याला ओढा म्हणतो. मामींना मी एकदा हे काम समजावून सांगायला गेले होते. म्हटलं, मधात चमचा सावकाश फिरवलात तर वेग दुप्पट केल्यावर अडणंही दुप्पटच होईल. पण हवेत किंवा पाण्यात वेग वाढला की गोष्ट बदलते. तिथे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. शिवाय समोरून धक्का बसतोच, आणि वस्तूच्या मागे पोकळी होऊन तीही वस्तूला खेचते. आणि कधी उलटंही होतं, एका ठरावीक वेगाला प्रवाहाचा स्वभावच पालटतो आणि गुळगुळीत चेंडूवरची ओढ एकाएकी कमी होते. म्हणजे ओढ ही वस्तूच्या अंगची नसते. ती वस्तू, तिचा आकार आणि तेव्हाचा प्रवाह, या तिघांत ठरते. मामींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की एवढं शिकून तू वाऱ्याशी भांडतेस तर. त्यावर मामा चक्क हसले होते.

माझ्या पडद्यावर हे सगळं रंगांत दिसतं. जिथे दाब जास्त तिथे लाल, जिथे पोकळी तिथे निळं. गाडीच्या मागे निळ्या भोवऱ्यांची शेपटी लांबत जाते. सुंदर दिसते ती. मी कित्येकदा त्या चित्राचा फोटो काढून घरी आईला पाठवला आहे.

गेल्या वर्षी कार्तिकात पाऊस आला तो थांबेचना. आधी कचेऱ्यांनी घरून काम करा म्हणून सांगितलं, मग वीज जायला लागली, मग फोनची रेंज. एका सकाळी उजाडलं तेव्हा गल्लीतलं पाणी मामांच्या पायऱ्या चढून ओट्याला लागलेलं होतं. मी खाली आले. आम्ही तिघांनी मिळून तांदळाचे डबे, देव, मामांची औषधं वर माझ्या खोलीत नेली. या कामाला मी घाबरले नव्हते. सांगलीत वाढलेल्या माणसाला पूर ओळखीचा असतो. आमचा पूर चढतो. नदी हळूहळू पेठेत येते, घरात येते, भिंतीवर मातीची रेघ ओढून निघून जाते. माणसं त्यात छातीभर पाण्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत जातात. माझ्या बाबांनी मला खांद्यावर बसवून तसं नेलेलं आठवतंय. त्या पाण्यानं घर बुडवलं, पण ते कुणाला ढकलत नव्हतं. पाणी किती खोल, एवढंच आम्ही विचारायचो.

मामींचा जीव मात्र त्यांच्या बहिणीत अडकला होता. सरोजाबाई, धाकटी बहीण, मोठ्या रस्त्यापलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणावर होत्या. कामाची बाई त्या पावसात येणं शक्य नव्हतं आणि फोन लागत नव्हता. मामींनी दोनदा तो लावून पाहिला, मग पदर खोचला आणि सांगितलं, की मी निघालें. मामांनी अडवलं नाही. भिंतीवरची काठी घेतली आणि नेहमीसारखे पुढे झाले. मी मामींचा हात धरला.

आमच्या गल्लीत पाणी गुडघ्याला लागत होतं. चहासारखं गढूळ, त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, करवंट्या, एक प्लास्टिकचा घोडा. चालणं जड होतं पण अवघड नव्हतं. वीज पहाटेच तोडलेली होती, त्यामुळे त्या बाबतीत निर्धास्त होतो. मामी पुटपुटत होत्या, बहुतेक स्तोत्र असावं. मध्येच त्यांनी मला सांगितलं, की सरोजा लहानपणी पाण्याला फार भीत असे, विहिरीवर न्यायचं म्हटलं तरी रडायची. एवढंच बोलणं झालं. पाऊस उतरला होता, चांगलं उजाडलेलं होतं, आणि घराघरांच्या बाल्कन्यांत माणसं येऊन उभी होती. कुणी तरी वरून आम्हाला तमिळमध्ये विचारलं, कुठे निघालात. मामांनी काठीनं पुढे दाखवलं.

गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत आणि रस्ता तिथून रेल्वेखालच्या बोगद्याकडे उतरतो. भिंतीच्या आत आम्ही गुडघाभर पाण्यात होतो. भिंतीबाहेरही पाणी गुडघाभरच होतं. फक्त ते वाहत होतं.

मामांनी पाऊल टाकलं आणि त्यांची काठी हातातून गेली. गेली म्हणजे दिसेनाशी झाली. तोल जाता जाता त्यांनी तिथल्या बस थांब्याच्या पाटीचा लोखंडी खांब धरला आणि मागे वळून थांबा म्हणायला तोंड उघडलं. पण मामींचा पाय तोवर भिंतीबाहेर पडला होता. त्यांचा हात माझ्या हातातून निसटला नाही, ओढला गेला. हे दोन निराळे अनुभव आहेत हे मला त्या क्षणी कळलं. दुसऱ्या हातानं मी भिंतीच्या टोकाच्या फाटकाचा गज धरला होता, म्हणून मी राहिले. मामी प्रवाहात आडव्या झाल्या, मामांनी त्यांचा दंड पकडला, आणि कसाबसा मामींनी दोन्ही हातांनी खांबाला विळखा घातला.

माझं एक पाऊल बाहेर होतं, त्या पायाची गोष्ट सांगते. मांडीच्या समोरच्या बाजूनं पाणी वर चढत होतं आणि मागच्या बाजूला खड्डा पडला होता. तसाच खड्डा खांबामागे. मी रोज जो लाल रंग आणि जो निळा रंग बघते तो माझ्या पायाला लागला होता. गुडघा थरथरत होता, आणि तो भीतीनं थरथरत नव्हता. मागची पोकळी आलटून पालटून दोन्ही बाजूंना खेचते, त्यामुळे वस्तू थरथरते, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पाणी हवेच्या आठशे पट जड असतं हेही लिहिलेलं आहे. ते सगळं मला तेव्हा आठवलं आणि त्यानं मी जास्तच हबकले, कारण हे पाणी किती जोरानं ढकलेल याचा आकडा माझं डोकं आपोआप मांडायला लागलं होतं आणि तो माणसाच्या वजनाशी स्पर्धा करत होता.

मग मी मामींची साडी पाहिली. सहावारी, तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची सुती साडी. सणाला त्या नऊवारी काष्टा घालून नेसत, तशी असती तर कापड अंगाला आवळलेलं राहिलं असतं. हिच्या निऱ्या पाण्यानं उघडल्या होत्या. त्या भरून, फुगून, मामींच्या मागे एखाद्या पोत्यासारख्या ताणल्या गेल्या होत्या. मामी लहानखुऱ्या आहेत. पाणी ओढत होतं ते त्यांना फार थोडं. ओढत होतं ते त्या कापडाला, आणि कापडाला बांधलेल्या म्हणून त्यांना. प्रत्येक लोंढ्यासरशी त्यांची बोटं खांबावरून सरकताना दिसत होती.

मी त्यांना म्हणाले, "मामी, साडी सोडा."

त्यांनी मान हलवली. नाही.

मी पुन्हा सांगितलं. साडी गेली की ओढ जाईल, मग तुम्हाला उभं राहता येईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या वर बघत होत्या, समोरच्या बाल्कनीकडे. तिथे आठ-दहा माणसं होती. एका तरुणाच्या हातात फोन होता, आमच्याकडे रोखलेला. त्याच घराच्या खालच्या मजल्यावरून दोघं जण कपडे वाळत घालायची दोरी सोडवत होते. मामींनी ते सगळं पाहिलं आणि डोळे मिटले.

त्यानंतरचं मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे आणि दर वेळी तितकीच दचकते. मी मामांना सांगितलं, की तुम्ही त्यांच्या वरच्या अंगाला या, पाणी येतं त्या बाजूला. हमरस्त्यावर मोठ्या ट्रकच्या मागे गेलं की वारा पडतो, तसं एका माणसाच्या आडोशाला पाण्याचा जोर कमी होतो, एवढं मला माहीत होतं. मामांनी का म्हणून विचारलं नाही. खांबाला एक हात घालून ते इंचाइंचानं फिरले आणि मामींच्या समोर पाण्याला छाती देऊन उभे राहिले. दुसऱ्या हातानं त्यांनी मामींचा हात खांबावर दाबून धरला. पाणी त्यांच्या अंगावर कमरेपर्यंत चढलं. आणि त्यांच्या मागे, अगदी थोड्या जागेत, ते ढिलं झालं. फुगलेल्या निऱ्या खाली पडल्या.

मी गज सोडून त्या आडोशात शिरले. मामींच्या कमरेला हात घालून निऱ्यांचा खोचा शोधला आणि उपसला. खांद्यावरची पिन निघेना, तेव्हा ती तशीच ओढली. ब्लाउज टराटरा फाटला. मामींच्या तोंडून एक बारीक आवाज आला. मामा पुढे बघत म्हणाले, "सोडून दे तें लुगडं. मी आहें." मला म्हणाले की तिला, ते अजून माहीत नाही. कापड सुटलं आणि मामी त्याच्याबरोबर एक गिरकी घेऊन पुन्हा खांबाला लागल्या. साडी पाण्यावर पसरली, सरळ लांब झाली, सगळे पांढरे ठिपके एकदा दिसले, आणि ती बोगद्याच्या दिशेनं गेली. धावणाऱ्या माणसाला गाठता आली नसती इतक्या वेगानं गेली.

मी वर पाहिलं. बाल्कनीतली सगळी माणसं पाठमोरी झाली होती. बायका, पुरुष, सगळी. फोनवाला तरुणसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोरी आधीच टाकून झाली होती. तिचं टोक धरलेले दोघेही मान फिरवून, न बघता दोरी ताणून उभे होते. इतक्या धक्क्यांत तोही एक धक्काच होता, आणि त्यानं मला रडू आलं.

दोरीच्या आधारानं आम्ही भिंतीच्या आत आलो. तिथे पाणी तेवढंच, गुडघाभर. प्लास्टिकचा घोडा तिथेच डुलत होता. मामांनी आपला शर्ट काढून मामींच्या अंगावर घातला आणि बटणं लावली, एकेक, खालपासून वरपर्यंत. मग आम्ही घरी परत आलो. त्या दिवशी प्रथमच मामा पुढे चालले नाहीत.

दुपारी सरोजाबाईंच्या शेजाऱ्याचा फोन लागला तेव्हा कळलं, की त्यांना वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं पहाटेच खुर्चीत बसवून वर नेलं होतं. त्या तिथे बसून कॉफी पीत होत्या आणि ताईनं या पाण्यात बाहेर पडू नये असं सगळ्यांना सांगत होत्या. हे मामांनी मामींना सांगितलं. मामींनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पाणी ओसरलं, पण वीज यायची लक्षणं नव्हती. माझी ऑफिसातली मैत्रीण सेल्वी आवडी नावाच्या उपनगरात सरकारी वसाहतीत राहते, तिचे वडील तिथल्या कारखान्यात आहेत. ती येऊन मला घेऊन गेली. तिच्या घराभोवती मोठी झाडं होती, मोर ओरडायचे, सगळं कोरडं आणि शांत. आंघोळीला बादलीत हात घातला तर हात आपोआप मागे आला. मी बादलीत तो परत घातला, पाण्यातून आडवा फिरवला. सावकाश फिरवला तर काही नाही. जोरात फिरवला तर पाणी तळव्यावर आपटलं. मी किती वेळ ते करत बसले होते कोण जाणे. सेल्वीच्या आईनं दार ठोठावलं आणि तमिळमध्ये विचारलं, बाळ, बरी आहेस ना.

ऑफिस सुरू झालं. पडद्यावर गाडी, मागे निळी शेपटी. मी ते चित्र बंद केलं. साहेबांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पुढे काम होत गेलं, आता तर पूर्वीसारखंच होतं. पण गाडीच्या मागच्या त्या भोवऱ्यांकडे बघताना अजून मध्येच माझा श्वास अडकतो. इतकी वर्षं मी जिला आकड्यानं ओळखत होते ती ओढ माझ्या हातातून एक जिवंत माणूस घेऊन चालली होती, आणि तिनं हे सूत्रात लिहिलंय अगदी तसंच केलं होतं. त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. मला धसका बसला तो याचा.

मामी त्या दिवसाबद्दल काही बोलल्या नाहीत. घरातलं सगळं करायच्या, पण फाटकाबाहेर जाणं त्यांनी सोडलं. मार्गशीर्षात सगळ्या बायका पहाटे दारात पिठाच्या रांगोळीचे मोठमोठे कोलम काढतात, त्या वर्षी आमच्या दारात मामांनी पिठाच्या चार वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. बहीण चाकांच्या खुर्चीत बसून भेटायला आली तेव्हा मामींनी तिला जेवू घातलं, तिचे पाय चेपले, पण पाण्याचा विषय निघाल्यावर उठून आत गेल्या. मला वाटलं, की चारचौघांत साडी सुटली याची ही लाज आहे. माणसं पाठमोरी झाली होती हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्या हूं म्हणाल्या. हळूहळू देवळात जाऊ लागल्या, मग बाजारात. वर्ष गेलं आणि आता पुन्हा पाऊस आला आहे.

काल रविवार होता. बाहेर झिमझिम चालली होती. मामी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या आणि मी त्यांना मदत करत होते. मामा तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. पाल्याच्या बारीक काड्या वेगळ्या करता करता मामींनी मान न वर करता सांगितलं, "मी खांब सोडणार होतें."

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

त्या सावकाश बोलत होत्या. म्हणाल्या, तू लुगडं सोडा म्हणालीस तेव्हा माझ्या मनांत आलें, लुगडं कशाला, हात सोडूं. तें सोपें वाटलें. भीति वाटली नाही. सरोजा आठवली नाही, हे आठवले नाहीत. एवढ्या जवळ गेलें होतें मी, आणि मला काही वाटलें नाही, त्याचाच वर्षभर धाक घेतलाय. स्वतःचाच.

माझ्या बोटांत पाला तसाच राहिला. त्या बाईंच्या कमरेला माझा हात होता, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता, आणि मला यातलं काही कळलं नव्हतं. मी तेव्हा ओढीचा हिशेब करत होते. पाणी, कापड, वेग, सगळं त्यात होतं. त्यांना खांब धरून राहायचं आहे, हे मी धरूनच चालले होते.

मामांनी पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, "सोडणार नव्हतीस. सोडलाच होतास."

मामींनी वर पाहिलं.

"तुझा हात माझ्या हाताखालीं होता," मामा म्हणाले. "बोटं उघडलीं तुझीं. मला समजलें. मग मी खांब तुझ्या हातासकट दाबून धरला."

 मामींनी विचारलं, इतके दिवस सांगितलें कां नाहीत. मामा म्हणाले, की तुला तें आठवत नसेल तर कशाला, असें वाटलें.

"आणि मग?" मामींनी विचारलं. "तुम्ही धरून ठेवलेंत म्हणून मी राहिलें?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. "माझें बळ संपत आलें होतें. लुगडं गेलें, तूं फिरलीस, आणि पुन्हा धरलेंस. खांब नव्हे, माझें मनगट. इतकें घट्ट, कीं मला वाटलें हाड मोडतें." मग म्हणाले, "तूंच धरलेंस. मी काही केलें नाही."

मामींना यातलं काहीही आठवत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. बाहेर झिमझिम चालूच होती. त्यांनी उजवा हात पाल्यातून काढला, तळवा वर केला, बोटं एकदा मिटली, एकदा उघडली, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.